शितावरून भाताची परीक्षा

दोस्तांनो, परीक्षा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? वेळापत्रक, पॅड, दोन निळी पेनं, पुरवण्या बांधायचा दोरा आणि मग सुट्टीच्या तोंडावर हातात पडणारं प्रगतिपुस्तक. आता अशी एक परीक्षा मनात आणा, जिला ठरलेलं पाठ्यपुस्तक नाही, गाईड नाही, क्लास नाही. शेजारच्या मुलाचा पेपर वेगळाच, त्यामुळे डोकावून काही उपयोग नाही. किती मार्क पडले ते कधीच कळत नाही आणि नापास व्हायची तर सोयच नाही. "वा, मजाच की!" असं म्हणालात ना? पण या परीक्षेचा निकाल लागतो तेव्हा देशोदेशीच्या शिक्षणमंत्र्यांची झोप उडते. कारण बसतात मुलं, पण परीक्षा असते ती त्या देशातल्या शिक्षणाची.

तिचं नाव 'पिसा'. प्रोग्रॅम फॉर इंटरनॅशनल स्टुडंट असेसमेंट या लांबलचक नावाची ही आद्याक्षरं. इटलीतल्या कलत्या मनोऱ्याशी तिचा काही संबंध नाही. पॅरिसमध्ये मुख्यालय असलेली 'ओईसीडी' नावाची, मुख्यतः श्रीमंत देशांची एक संघटना आहे, ती ही परीक्षा घेते. पहिल्यांदा ती झाली २००० साली, ३२ देशांत. २०२२ साली ८१ देश आणि प्रदेशांतली जवळजवळ ६ लाख ९० हजार मुलं तिला बसली. विषय तीन : वाचन, गणित, विज्ञान. वय १५ वर्षं. नेमकं सांगायचं तर परीक्षेच्या वेळी १५ वर्षं ३ महिने ते १६ वर्षं २ महिने. इयत्ता न धरता वय का धरलं? कुठे मूल सहाव्या वर्षी पहिलीत जातं, कुठे सातव्या, कुठे नापास झाल्यावर मागे बसवतात, कुठे नाही. इयत्ता देशागणिक बदलते. वय बदलत नाही.

अशा परीक्षांची सुरुवात मात्र पिसाच्या बरीच आधी झाली. १९५८ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात काही संशोधक जमले होते. कुठला देश मुलांना किती वर्षं शिकवतो, शाळांवर किती खर्च करतो, हे आकडे सगळ्यांकडे होते. पण एवढं करून मुलांना येतं काय, हे कुणीच मोजलेलं नव्हतं. त्यांनी १२ देशांतल्या १३ वर्षांच्या मुलांची एक छोटी चाचणी घेऊन पाहिली. त्यातूनच 'आयईए' ही संस्था उभी राहिली. तिच्या १९७०-७१च्या विज्ञानाच्या पाहणीत भारतही होता. चौथी आणि आठवीच्या मुलांची दर चार वर्षांनी होणारी 'टिम्स' ही गणित-विज्ञानाची परीक्षा याच संस्थेची. ती १९९५ साली सुरू झाली.

आता मुख्य गोष्ट. देशातल्या सगळ्याच मुलांची परीक्षा घ्यायची म्हटली तर केवढा खर्च! मग काय करायचं? याचं उत्तर तुमच्या आजीला पाठ आहे. भात शिजला का, ते बघायला ती सगळा भात खात नाही. एक शीत काढते आणि बोटांनी दाबते. पण वरचं शीत कच्चं आणि तळाचं करपलेलं असू शकतं. चुकीच्या जागचं शीत घेतलं तर पंगत बसल्यावर फजिती! म्हणून या परीक्षेत सगळ्यात जास्त काळजी घेतात ती शितं निवडण्याची.

शाळेत साहेब तपासणीला येणार असले की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. हुशार मुलं पुढच्या बाकांवर येतात आणि दंगेखोर मंडळींना त्या दिवशी नेमकी मैदानावर कामं निघतात. पिसात हे चालत नाही. देशानं आपल्या सगळ्या शाळांची यादी द्यायची. कुठल्या शाळेत १५ वर्षांची किती मुलं आहेत, तेही लिहायचं. मग त्या यादीतून ठरलेल्या गणिती पद्धतीनं निदान दीडशे शाळा उचलतात आणि प्रत्येक शाळेतली साधारण ४२ मुलं. ती कोण, हे मुख्याध्यापक ठरवत नाहीत. त्यांनी फक्त नावांची यादी द्यायची.

शाळा उचलण्यात एक गंमत आहे. समजा एका शाळेत १५ वर्षांची ४०० मुलं आहेत, दुसरीत १००. मोठ्या शाळेचं नाव निघण्याची शक्यता लहान शाळेच्या चौपट ठेवतात. "हा तर अन्याय!" थांबा. शाळा निवडली गेल्यावर मोठ्या शाळेत ४०० जणांतून ४२ निघणार, लहान शाळेत १०० जणांतूनच ४२. म्हणजे तिथे मोठ्या शाळेतल्या मुलाची शक्यता एक चतुर्थांश. चौपट गुणिले एक चतुर्थांश, उत्तर एक! दोन्ही शाळांतल्या मुलांना सारखीच संधी. वहीत मांडून बघा, पटेल.

निवडलेल्या शाळेनं "आम्हाला वेळ नाही" म्हटलं तर? तिच्याऐवजी कुठली शाळा घ्यायची, तेही आधीच ठरलेलं असतं. पण अशा शाळा फार झाल्या तर त्या देशाचे आकडे तुलनेतून बाजूला काढतात. नियम असा की पहिल्या निवडीतल्या १००पैकी ८५ शाळांनी आणि १००पैकी ८० मुलांनी तरी भाग घ्यायला हवा. २००० साली नेदरलँड्सवर आणि २००३ साली ब्रिटनवर ही वेळ आली. एवढे मोठे देश, पण शितं पुरेशी नव्हती म्हणून यादीबाहेर! मला हा कडकपणा आवडतो.

आता पेपरांकडे वळू. शेजाऱ्याचा पेपर वेगळा का? केवळ कॉपी टाळायला नाही. मुलांना काय काय येतं ते नीट कळायचं तर खूप प्रश्न विचारायला हवेत. २००३ सालचे सगळे प्रश्न एकाच मुलानं सोडवायचे म्हटले असते, तर त्याला साडेसहा तास बसावं लागलं असतं. मग युक्ती केली. प्रश्नांचे अर्ध्या अर्ध्या तासाचे १३ गट केले. प्रत्येक पुस्तिकेत चारच गट घातले, म्हणजे दोन तासांचा पेपर. अशा १३ निरनिराळ्या पुस्तिका. त्यांची जुळणी फार देखणी होती. कुठलेही दोन गट घ्या, ते दोन्ही एकत्र असलेली पुस्तिका एक आणि एकच. शिवाय प्रत्येक गट एका पुस्तिकेत पहिला, दुसऱ्या एका पुस्तिकेत दुसरा, मग कुठे तिसरा, कुठे चौथा. कारण शेवटच्या अर्ध्या तासात सगळेच दमतात. एकच गट कायम शेवटी आला असता तर तो विनाकारण अवघड ठरला असता. या जुळणीवरून सुचलेलं एक कोडं शेवटी देणार आहे.

आता लक्षात आलं का, की मुलाला मार्क का सांगत नाहीत? त्यानं सगळी परीक्षा दिलेलीच नसते, तिचा एक तुकडा दिलेला असतो. हजारो मुलांचे तुकडे जोडले की देशाचं चित्र तयार होतं. एकट्या तुकड्यावरून त्या मुलाविषयी काही बोलता येत नाही. २०१५पासून बहुतेक देशांत ही परीक्षा संगणकावर होते. आता तर वाचन आणि गणितात पहिली उत्तरं पाहून पुढचे प्रश्न सोपे द्यायचे की कठीण, ते संगणकच ठरवतो.

मूळ प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत तयार होते. मग प्रत्येक देशात दोन भाषांतरकार एकमेकांना न विचारता भाषांतर करतात, तिसरा माणूस दोन्ही समोर ठेवून एक करतो आणि बाहेरचा तपासनीस ते मुळाशी ताडून पाहतो. एवढा खटाटोप कशाला? मी एक मराठी उदाहरण देतो, ते माझंच आहे, पिसातलं नव्हे. समजा इंग्रजीत विचारलं, "फोटोसिंथेसिससाठी झाडाला कशाची गरज असते?" इंग्रजी शाळेतला मुलगा आठवत बसेल. मराठीत मात्र प्रश्न होईल, "प्रकाशसंश्लेषणासाठी कशाची गरज असते?" अर्धं उत्तर प्रश्नातच! उलटंही होतं. साध्या शब्दाला जडजंबाळ प्रतिशब्द वापरला तर सोपा प्रश्न अवघड होऊन बसतो. भाषांतर चुकलेलं नाही, पण प्रश्नाचं वजन बदललं. म्हणून खरी परीक्षा घेण्याआधी वर्षभर एक लहान चाचणी घेतात. एखादा प्रश्न सगळ्या देशांत सोपा आणि एकाच देशात कठीण निघाला, तर तो तपासतात, नाहीतर टाकून देतात.

परिसराचा प्रश्नही असतोच. बर्फ न पाहिलेल्या मुलाला घसरगाडीचं गणित का घालायचं? त्यावर पिसावाल्यांनी काढलेला एक उपाय मला फार आवडला. त्यांनी 'झेडलँड' नावाचा एक देशच कल्पनेतून काढला! तिथलं चलनही 'झेड'. म्हणजे रुपयावाल्याला फायदा नाही आणि डॉलरवाल्यालाही नाही.

त्यांनी जाहीर केलेल्या जुन्या प्रश्नांमधला एक सोडवून बघा. माणसाच्या चालण्याचं एक सूत्र दिलेलं आहे : मिनिटाला पडणारी पावलं भागिले एका पावलाची लांबी (मीटरमध्ये) बरोबर १४०. एकजण मिनिटाला ७० पावलं टाकतो, तर त्याच्या पावलाची लांबी किती? अर्धा मीटर. जमलं? मग त्याच प्रश्नाचा पुढचा भाग : दुसऱ्याचं पाऊल ०.८० मीटरचं आहे, तर तो तासाला किती किलोमीटर चालतो? इथे भले भले अडतात. सूत्र समोर आहे, गुणाकार-भागाकार येतात, पण आधी काय काढायचं ते ठरवावं लागतं. पिसाला बघायचं असतं ते हेच : शिकलेलं वापरता येतं का? (मिनिटाला ११२ पावलं, म्हणजे ८९.६ मीटर. पुढचं तुम्ही करा.)

परीक्षेच्या दिवशीची शिस्तही पाहण्यासारखी असते. सूचना देणारा माणूस त्या मुलांना हे विषय शिकवणारा नसावा. त्यानं पुस्तिकेत छापलेल्या सूचनाच शब्दशः वाचायच्या, पदरचं काही घालायचं नाही. काही प्रश्न पुढच्या वेळी पुन्हा वापरायचे असतात, त्याशिवाय आधीच्या वर्षाशी तुलना कशी होणार? त्यामुळे पेपर मोजून परत घेतात आणि कुलपात ठेवतात. दोन तासांनंतर एक प्रश्नावली असते. घरी अभ्यासाला जागा आहे का, आई-वडील किती शिकलेत, घरात पुस्तकं किती. पुस्तकं मोजायला सोपं जावं म्हणून एक अंदाजही दिलेला असायचा : एक मीटर फळीवर साधारण ४० पुस्तकं. शाळेची पुस्तकं आणि मासिकं-साप्ताहिकं मात्र धरायची नाहीत. आपल्या या साप्ताहिकाचे जपून ठेवलेले गठ्ठे तिथे कामाचे नाहीत, याचं मला जरा वाईटच वाटलं!

तपासणारेही वेगळ्या रीतीनं काम करतात. एका मुलाचा पूर्ण पेपर हाती घ्यायचा नाही. एकच प्रश्न घ्यायचा आणि सगळ्यांची त्याचीच उत्तरं तपासायची. म्हणजे पहिलं उत्तर छान आलं म्हणून दुसऱ्यालाही मार्क सोडले, असं होत नाही. काही उत्तरं चौघा तपासनिसांना वेगवेगळी देऊन चौघांचं जमतं का, तेही बघतात. आणि ऐका : शुद्धलेखनाचे मार्क कापत नाहीत! अर्थ कळला की झालं. (हे आमच्या व्याकरणाच्या बाईंना कृपा करून दाखवू नका.)

एवढा बंदोबस्त करूनही एक गोष्ट कुणाच्या हातात नसते, ती म्हणजे मुलांचं मन. मार्क नाहीत तर जीव कशाला आटवायचा? २०१८ साली स्पेनमध्ये असंच घडलं. काही भागांत शाळेच्या महत्त्वाच्या परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत आल्या. तिथल्या काही मुलांनी वाचनातले साधे प्रश्न न वाचताच भराभर बटणं दाबली. संगणक वेळ मोजत असतो, त्यामुळे ते पकडलं गेलं आणि स्पेनचा वाचनाचा निकाल बाकीच्या देशांबरोबर जाहीरच केला नाही. एका वेळापत्रकाच्या गोंधळामुळे!

आता निकाल. सुरुवातीला ओईसीडी देशांची सरासरी ५०० धरली होती. २०२२च्या गणितात सिंगापूरला ५७५ गुण होते आणि ओईसीडीची सरासरी ४७२. वर्तमानपत्रं लगेच पहिला, दुसरा, विसावा असे नंबर छापतात. पण शितांवरून काढलेला अंदाज थोडा मागेपुढे होणारच. चार-पाच गुणांच्या फरकाला बहुतेक वेळा काहीच अर्थ नसतो. खुद्द पिसाच्या अहवालात देशाचा नंबर 'अमुक ते तमुक यांच्या दरम्यान' असा दिलेला असतो. तो मथळ्यात कोण छापणार?

अहवाल नीट वाचणाऱ्यांना त्याचा उपयोग मात्र होतो. २००१च्या डिसेंबरमध्ये पहिला निकाल आला तेव्हा जर्मनीला धक्काच बसला. आपलं शिक्षण उत्तम, अशी तिथल्या लोकांची खात्री होती आणि निघाले सरासरीच्या खाली. त्याहून बोचरी गोष्ट ही, की गरीब घरातली मुलं फारच मागे पडत होती. जर्मन लोकांनी यावर वर्षानुवर्षं चर्चा केली आणि दिवसभराच्या शाळा वाढवल्या, सगळ्या राज्यांसाठी शिक्षणाची समान उद्दिष्टं ठरवली.

आणि आपण? भारतातली दोन राज्यं, तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश, २००९च्या फेरीत सामील झाली. निकाल २०११च्या डिसेंबरमध्ये लागला. ७४ देश-प्रदेशांच्या यादीत दोघंही अगदी तळाशी. गणितात ओईसीडीची सरासरी ४९६, तमिळनाडू ३५१, हिमाचल ३३८. पण मला नंबरापेक्षा दुसराच आकडा टोचला. रोजच्या व्यवहाराला लागेल एवढं किमान वाचन ओईसीडी देशांत १००पैकी ८१ मुलांना येत होतं. तमिळनाडूत १७ जणांना आणि हिमाचलात ११ जणांना. ही शाळेत जाणारी मुलं होती, बरं का.

त्यावर आपल्याकडे म्हटलं गेलं, की प्रश्न आपल्या मुलांच्या परिसराशी जुळणारे नव्हते. यात थोडं तथ्य असेलही. मग पुढच्या फेऱ्यांत भारत उतरलाच नाही. व्हिएतनाम २०१२ साली पहिल्यांदा उतरला आणि त्याला गणितात ५११ गुण मिळाले, अमेरिका आणि ब्रिटनपेक्षा जास्त. अर्थात तिथलीही एक गोम सांगायला हवी. त्या वयाची जवळजवळ निम्मी मुलं या पाहणीच्या बाहेरच होती, कारण बऱ्याच जणांची शाळा सुटलेली होती. जे शीत पातेल्यातच नाही, ते कोण दाबून बघणार? असं असलं तरी, परिसर वेगळा म्हणून सगळंच अडतं, हे काही मला पटत नाही. तक्रार होती तर प्रश्न सुधारायचा आग्रह धरायचा होता. आकडाच नको म्हटल्यानं त्या मुलांना वाचता थोडंच येणार होतं?

२०१९ साली भारतानं पुन्हा करार केला. २०२१च्या फेरीत केंद्रीय विद्यालयं, नवोदय विद्यालयं आणि चंदीगडमधल्या शाळा बसणार होत्या. आता तुम्हीच सांगा, नवोदयमध्ये मुलं प्रवेशपरीक्षा देऊन येतात. ही शितं कुठल्या पातेल्यातली म्हणायची? कोरोनामुळे ती फेरी २०२२ साली झाली आणि तेव्हा यादीत भारताचं नाव नव्हतं.

आपल्या देशातल्या देशात मात्र अशी पाहणी होते. १२ नोव्हेंबर २०२१ला तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीच्या सुमारे ३४ लाख मुलांची झाली, मराठीतूनही झाली. ४ डिसेंबर २०२४ला तिसरी, सहावी आणि नववीची झाली. तुमच्यापैकी कुणी तिला बसलेलंही असेल. आई-बाबांनो, पुढच्या वेळी शाळेकडून अशा पाहणीची चिठ्ठी आली तर मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नका आणि आदल्या रात्री घोकायलाही बसवू नका. त्याला जे येतं आणि जे येत नाही, ते दोन्ही तसंच्या तसं कागदावर उतरायला हवं आहे.

आता कबूल केलेलं कोडं. प्रश्नांचे ७ गट आहेत, त्यांना १ ते ७ क्रमांक द्या. पुस्तिकाही ७, आणि प्रत्येक पुस्तिकेत तीन गट. कुठलेही दोन गट एकत्र येतील अशी पुस्तिका एकच हवी, कमी नको आणि जास्तही नको. पहिली पुस्तिका मी सांगतो : १, २, ४. उरलेल्या सहा तुम्ही जुळवा. ज्यांना हे सहज जमेल त्यांनी आणखी एक अट पाळून बघावी : प्रत्येक गट एकदा पहिला, एकदा मधला आणि एकदा शेवटचा यायला हवा. उत्तर पुढच्या अंकात!